बॅकअप आहे, पण चढवणार कशावर?

कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, तुमच्या हिशेबाचा बॅकअप आहे का? तो छातीवर हात ठेवून सांगतो, आहे. आम्हीही असेच सांगत होतो. एप्रिल २०२३ मध्ये आमच्या मालेगावच्या पेढीवर जे घडले त्यानंतर आम्ही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू लागलो, आणि तो आज या पानावरून आमच्या व्यापारी व कारखानदार बांधवांपुढे ठेवायचा आहे. तुमचे आजचे यंत्र उद्या जळाले आणि तसेच यंत्र बाजारात मिळेनासे झाले, तर तो बॅकअप तुम्ही चढवणार कशावर?

विषय तांत्रिक आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, संगणकाला आम्ही चाळिशीत हात लावला. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे. पण जे लिहीत आहोत ते स्वतःच्या खिशातून पैसे मोजून शिकलेले आहे.

आमचे वालिद वहीवर हिशेब ठेवत. रोजमेळ आणि खतावणी, दोन्ही उर्दूत, त्यांच्या बारीक अक्षरात. दर शुक्रवारी माग बंद असले की ते आठवड्याभराची नक्कल करून ती घरी पेटीत ठेवत. दुकानाला आग लागली तरी घरची वही राहील, एवढाच त्यांचा विचार. त्या नक्कलेची एक खुबी तेव्हा आमच्या लक्षात आली नव्हती. ती वही कोणत्याही टेबलावर, कोणत्याही दिव्याखाली उघडत होती. वाचता येणारा माणूस असला की झाले. वही चांगली होती आणि संगणक वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात भिवंडीतल्या आमच्या ओळखीच्या पेढ्यांमध्ये वह्यांचा लगदा झालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. ज्यांनी नक्कल त्याच खोलीत ठेवली होती, त्यांची नक्कलही गेली.

२०११ मध्ये आम्ही पेढीवर सर्व्हर घेतला. सर्व्हर म्हणजे दुसरे काही नाही, ऑफिसातले चार संगणक ज्या एका मोठ्या संगणकातून हिशेब वाचतात तो. त्यावर विंडोज सर्व्हर २००८ आर-टू ही सिस्टीम होती. ५०० जीबीच्या दोन डिस्क होत्या आणि एका खास कार्डामुळे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिले जात असे, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरी चालू. त्यात दोन प्रोग्राम होते. एक नेहमीचा वहीखात्याचा. दुसरा आमच्याच गावातल्या एका होतकरू मुलाने बनवून दिलेला. आमच्या स्वतःच्या ४८ मागांवरच्या २२ माणसांची मजुरी आणि उचल, आणि ज्या १४ छोट्या कारखानदारांना आम्ही सूत देऊन कापड विणून घेतो त्यांचे सूत किती गेले, ताके किती आले, हे सगळे त्यात. रोज रात्री अकरा वाजता सर्व्हर आपोआप स्वतःची संपूर्ण प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवत असे. नुसता हिशेब नव्हे, सिस्टीम, प्रोग्राम, सेटिंग, सर्व. सकाळी मुनीमजी हिरवी खूण पाहत आणि आम्हाला सांगत, बॅकअप झाला. बारा वर्षे असेच चालले. त्या बारा वर्षांत तो बॅकअप एकदाही कशावर चढवून पाहिला नाही.

१६ एप्रिल २०२३, रविवार. रमजानचा शेवटचा आठवडा, शनिवारी ईद. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास विजेचा दाब अचानक वाढला, गल्लीतले पंखे आणि बल्ब गेले, त्यात आमचा सर्व्हरही गेला. मुख्य बोर्ड जळाला आणि ते डिस्कचे कार्डही. सोमवारी सकाळी आम्ही मुळीच घाबरलो नाही. अकराचा बॅकअप होऊन गेला होता, डिस्क कपाटात शाबूत होती. म्हटले दुपारपर्यंत नवे यंत्र आणू, संध्याकाळी काम सुरू.

इथून पुढे जे झाले ते जरा सविस्तर सांगतो, कारण यातली प्रत्येक अडचण ज्याच्याकडे जुने यंत्र आहे अशा प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकते.

बारा वर्षांपूर्वीचे मॉडेल कोणाकडेच नव्हते. आमच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरने नाशिकहून नवे यंत्र आणले. त्यात ४८० जीबीची नव्या पद्धतीची वेगवान डिस्क होती. आमचा सगळा हिशेब, सिस्टीम धरून, ९० जीबीसुद्धा नव्हता. तरी बॅकअप त्या डिस्कवर चढेना. कारण प्रतिमा पाचशेच्या डिस्कची होती, आणि ती परत चढवायची तर समोरची डिस्क निदान तेवढी तरी मोठी लागते. आत माल किती आहे हे पाहिले जात नाही, गोदाम केवढे होते हे पाहिले जाते.

मोठी डिस्क आणली. आता यंत्र जुन्या सिस्टीमची डीव्हीडी ओळखेना. सांगण्यात आले की पूर्वीची यंत्रे बायोस नावाच्या पद्धतीने सुरू होत, नवी यंत्रे युईएफआय नावाच्या पद्धतीने होतात. काही नव्या यंत्रांत जुनी पद्धतही चालू करता येते, आमच्या नव्या यंत्रात ती सोयच नव्हती. त्यात आणखी गंमत म्हणजे नव्या यंत्राला सर्व यूएसबी सॉकेट नव्या जातीचे. ते या जुन्या सिस्टीमला ठाऊक नाहीत. म्हणजे डीव्हीडी चालली असती तरी कीबोर्ड आणि माऊस मुके राहिले असते.

मंगळवारी इंजिनिअरने कुठून तरी पाच-सहा वर्षांचे वापरलेले यंत्र आणले, ज्यात जुनी पद्धत चालत होती. अडीच तास बॅकअप चढत राहिला. शेवटी पडद्यावर आले, काम यशस्वी झाले. आम्ही अल्हमदुलिल्लाह म्हटले. यंत्र बंद करून सुरू केले आणि निळा पडदा आला. खाली एक लांबलचक क्रमांक, शेवटी ‘७बी’. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. बुधवारी दुपारपर्यंत त्या माणसाने हाच खेळ सहा वेळा केला आणि मग हात जोडले. त्याच्यावर आमचा राग नाही. आम्ही त्याला वर्षाला पैसे देत होतो ते बॅकअप ‘घेण्याचे’. चढवून दाखवण्याचे आम्ही कधी मागितलेच नव्हते.

त्या निळ्या पडद्याचा अर्थ आम्हाला नंतर समजला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो लगेच समजेल. भरलेला बीम एका मागावरून काढून दुसऱ्या मागावर नेला तर काय होते? सूत तेच, तार तेवढेच, एक धागा तुटलेला नाही. पण दुसऱ्या मागाची रुंदी वेगळी, फणी वेगळी. इचलकरंजीकडे ज्याला वहीफणीचे काम म्हणतात ते नव्याने केल्याशिवाय त्या मागावर एक इंच कापड निघणार नाही. बीम खराब आहे असे त्यावरून कोणी म्हणत नाही. बॅकअपचेही तसेच आहे. सिस्टीम सुरू होताना सर्वांत आधी तिला डिस्कपर्यंत पोहोचावे लागते. डिस्कशी कोणत्या कार्डाच्या मार्फत बोलायचे, हे सांगणारा छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या सिस्टीमने सुरुवातीलाच उठवायच्या ड्रायव्हरांची यादी बारा वर्षांपूर्वी केली होती, आणि त्यात त्या जळालेल्या कार्डाचा ड्रायव्हर होता. नव्या यंत्रात ते कार्ड नाही. नव्या यंत्राला लागणारा साधा ड्रायव्हर सिस्टीमच्या पोटात होता, पण कधी गरज न पडल्यामुळे निजलेला. त्यामुळे सिस्टीम जागी झाली, दरवाजाकडे गेली, हातातली किल्ली जुन्या कुलपाची निघाली. ‘७बी’ म्हणजे एवढेच, की ज्या डिस्कवरून मी उठले तीच मला सापडत नाही. हा सिस्टीमचा दोष मानू नये. जे यंत्र समोर आहे त्याच्यासाठीच ती बसवलेली असते.

गुरुवार उजाडला. आमच्या मागांवर गुरुवारी मजुरी वाटली जाते, शुक्रवारी सुट्टी. हा गुरुवार ईदच्या आधीचा. शिवाय तारीख २०, जीएसटीचे मार्च महिन्याचे ३-बी विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस. आम्हाला भीती विवरणपत्राची होती. झाले उलटेच. आमच्या सीए साहेबांनी दोन तासांत ते भरून दिले. विक्रीचे आकडे ११ तारखेलाच पोर्टलवर गेले होते, खरेदी समोरच्या पार्ट्यांनी आपल्या विवरणपत्रांत दाखवली होती, बँकेचा उतारा बँकेकडे होता. पाली आणि बालोतऱ्याच्या व्यापाऱ्यांकडची येणी त्यांच्याही वहीत होती आणि दलालाच्या डायरीतही. म्हणजे मोठ्या माणसांचा हिशेब चार ठिकाणी होता. आमचे यंत्र जळाल्याने त्यांचा केसही वाकडा झाला नाही.

ज्यांचा हिशेब फक्त आमच्या यंत्रात होता ते २२ विणकर आणि ते १४ छोटे कारखानदार. शनिवार-रविवारच्या उत्पादनाच्या पर्च्या संगणकात चढवून झाल्यावर रिवाजाप्रमाणे फाडून टाकलेल्या. उचलीचा कागद तर कधी ठेवतच नव्हतो, थेट संगणकात लिहीत होतो.

त्या दिवशी आम्ही तोंडी हिशेबाने पैसे वाटले. ज्याने जे सांगितले ते बहुतेक मानले. एका ठिकाणी मानले नाही. आमच्याकडे अठरा वर्षे काम करणारा एक विणकर आहे. त्याने सांगितले, सेठ, माझ्याकडे उचल साडेचार हजार बाकी आहे. आमच्या डोक्यात साडेसात हजार पक्के बसले होते. तो म्हणाला, रमजानच्या पहिल्या आठवड्यात तीन हजार रोख दिले, मुनीमजींच्या हातात. मुनीमजींना आठवेना. बाहेर माणसे उभी, इफ्तारची वेळ जवळ येत चाललेली. आम्ही म्हटले, मशीन चालू होऊ दे, मग पाहू, तोवर तीन हजार धरून ठेवतो. तो काही बोलला नाही. पैसे मोजले आणि गेला.

ईदसाठी आमचा भाचा पुण्याहून आला होता. तो तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ईदच्या संध्याकाळी शिरखुर्मा खाता खाता त्याने सगळी हकीकत ऐकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, मामू, तुम्हाला यंत्र परत हवे आहे की हिशेब? आम्ही म्हटले, हिशेब. मग त्याने आपल्या लॅपटॉपला ती डिस्क जोडली. बॅकअपच्या फोल्डरमध्ये डिस्कच्या प्रत्येक भागाची एक मोठी फाईल असते, ती फाईल दुसऱ्या संगणकावर साध्या डिस्कसारखी उघडता येते. पंधरा मिनिटांत आमच्या हिशेबाच्या सगळ्या फाईली त्याच्यासमोर होत्या. पाच दिवस आम्ही ज्या दाराला धडका मारत होतो त्याच्या शेजारी खिडकी उघडी होती. आमच्या इंजिनिअरला हे ठाऊक नव्हते, आणि आम्हाला विचारायचे सुचले नव्हते.

वहीखात्याचा प्रोग्राम त्याने नव्या यंत्रावर नव्याने बसवला, फाईली ठेवल्या, रविवारी दुपारी खाती उघडली. मजुरीच्या प्रोग्रामचे मात्र तसे नव्हते. तो बनवणारा मुलगा दम्मामला गेला त्याला सहा वर्षे झाली होती. बसवण्याची सीडी हरवलेली. म्हणजे फाईली हातात, पण त्या वाचणारा प्रोग्राम जुन्या सिस्टीमच्या पोटात अडकलेला. तेव्हा जुनी सिस्टीम उभी करणे भागच होते.

त्यासाठी भाच्याने खऱ्या यंत्राचा नाद सोडला आणि नव्या यंत्रात एक काल्पनिक यंत्र तयार केले. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खालचे लोखंड कोणतेही असो, हे काल्पनिक यंत्र वरच्या सिस्टीमला नेहमी तेच साधे, जुन्या चालीचे यंत्र म्हणून दिसते. बायोस जुना, डिस्कची जोडणी जुनी, डिस्कचा आकार आपण सांगू तेवढा. त्यावर बॅकअप चढवला. इथेही एकदा निळा पडदा आला, पण याला कारण माहीत होते. त्याने बंद सिस्टीमची नोंदवही बाहेरून उघडली, निजलेले तीन-चार साधे ड्रायव्हर ‘सुरुवातीलाच उठा’ या यादीत घातले, आणि पुन्हा चालू केले. जुना पडदा दिसला. आमच्या मुलीच्या लग्नातला फोटो मागे लावलेला होता, तोसुद्धा जसाच्या तसा.

अजून दोन गाठी होत्या. नवे नेटवर्क कार्ड दिसल्यावर सिस्टीमने त्याला नवा पत्ता दिला होता. ऑफिसातले चारही संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत राहिले. जुना पत्ता द्यायला गेलो तर सिस्टीम म्हणे, हा पत्ता दुसऱ्या कार्डाचा आहे. ते कार्ड तर भंगारात गेलेले! पण नोंदवहीत ते अजून हयात होते, ते आधी खोडावे लागले. आणि शेवटी मजुरीचा प्रोग्राम म्हणाला, मी या यंत्राला ओळखत नाही. त्या मुलाने चोरी होऊ नये म्हणून प्रोग्राम नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला बांधला होता. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळतो, तो जळालेल्या यंत्राच्या मागच्या चिकटपट्टीवर छापलेला होता. काल्पनिक यंत्राला तोच क्रमांक देता येतो असे भाचा म्हणाला. आम्ही म्हटले थांब. प्रोग्राम पैसे देऊन घेतला असला तरी कुलूप त्याचे आहे. दम्मामला फोन लावून त्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, चचा, खुशाल घाला. मंगळवारी, २५ एप्रिलला, दुपारी प्रोग्राम उघडला.

आम्ही सर्वांत आधी त्या विणकराचे खाते काढले. ३० मार्च, गुरुवार, रोख जमा तीन हजार. मुनीमजींनीच लिहिलेले. बाकी साडेचार हजार.

त्याच संध्याकाळी आम्ही स्वतः त्याच्या घरी जाऊन पैसे दिले आणि माफी मागितली. त्याने आम्हाला चहा पाजला. ईद होऊन तीन दिवस झाले होते.

आता आमचे मत सांगतो. आमच्या बाजारात बॅकअपचा विचार आगीच्या विम्यासारखा केला जातो. झाले तर झाले, नाही तर नाही, हप्ता भरून मोकळे. वास्तविक पाहता वेगळ्या यंत्रावर बॅकअप चढवण्याची वेळ प्रत्येकावर येणारच आहे, फक्त कधी एवढाच प्रश्न. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २०२२-२३ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे त्या वर्षाचा हिशेब डिसेंबर २०२९ पर्यंत दाखवता आला पाहिजे. त्याच कायद्याच्या नियम ५७ मध्ये साफ म्हटले आहे की संगणकावरच्या नोंदींचा बॅकअप असा ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत त्या परत उभ्या करता येतील. शब्द नीट पाहा. बॅकअप ‘घ्या’ एवढ्यावर कायदा थांबत नाही, परत उभा करता आला पाहिजे म्हणतो. मालेगावची धूळ, उन्हाळा आणि विजेचे झटके खाऊन एखादे यंत्र सहा-सात वर्षे टिकले तर नशीब. हिशेबाचे आयुष्य यंत्रापेक्षा मोठे आहे. मग शेवटी तो परक्या यंत्रावरच उघडावा लागणार.

कोणी म्हणेल, ही अडाणी पेढीची गोष्ट झाली. तसे नाही. जगभरचे प्रोग्राम लिहिणारे जिथे आपले काम ठेवतात त्या गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग त्यांच्याकडे होते. वेळ आली तेव्हा त्यांतला एकही भरवशाने चालला नाही, आणि सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक नक्कल हाती लागली म्हणून ते वाचले. हे त्यांनीच जाहीरपणे कबूल केले. कबूल करण्याचे धाडस मात्र आमच्या बाजारात कमी दिसते. आमच्या घटनेनंतर दोघा-तिघांनी हळूच येऊन सांगितले की त्यांचेही असेच झाले होते. आधी सांगितले असते तर?

दुसरे म्हणणे असे की आता सगळे क्लाउडवर ठेवा, झंझट संपली. आमचा त्याला विरोध नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर आपला हिशेब, तेव्हा आपले यंत्र जळण्याची चिंता खरोखर जाते. पण पैसे भरणे थांबवले किंवा कंपनीशी बिनसले तर आपला हिशेब कोणत्या रूपात हातात येईल आणि तो आणखी कुठे उघडेल, हे सही करण्यापूर्वी विचारावे. प्रश्न तोच राहतो, फक्त पत्ता बदलतो. आणि ज्यांच्याकडे सर्व्हर नाही, एकच संगणक आहे, त्यांनी आपण सुटलो असे समजू नये. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आपल्या बाजारात ती सिस्टीम किती टेबलांवर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. आज ना उद्या ही यंत्रे बदलतील, आणि तेव्हा कोणाच्या तरी मजुरीच्या प्रोग्रामची सीडी सापडणार नाही.

आमचा स्वतःचा गुन्हाही लपवत नाही. आमच्या जुन्या सिस्टीमची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० लाच थांबली होती, तरी आम्ही ती तीन वर्षे ओढली. चालते आहे ना, मग कशाला खर्च. आता ती फक्त जुने हिशेब पाहण्यापुरती काल्पनिक यंत्रात ठेवली आहे, इंटरनेट तोडून. रोजचे काम नव्या आवृत्तीवर गेले. नव्या आवृत्त्या यंत्र बदलले तर पूर्वीपेक्षा बऱ्याच सहनशील आहेत, आणि तीही आम्ही काल्पनिक यंत्रातच बसवली, म्हणजे खालचे लोखंड बदलले तरी वरच्याला पत्ता लागू नये. बॅकअपच्या दोन डिस्क केल्या. एक जोडलेली, एक घरी पेटीत. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारे जे व्हायरस आहेत ते जोडलेली डिस्कही सोडत नाहीत, म्हणून घरचीवर खरा भरवसा. वालिदांची पेटीच वापरतो. प्रोग्रामच्या सीडी, लायसन्सचे क्रमांक, यंत्राच्या पाठीवरच्या चिकटपट्टीचा फोटो, नेटवर्कचे पत्ते, सगळे एका कागदी वहीत लिहून त्याच पेटीत.

देखभालीचा करारही बदलला. इंजिनिअर तोच आहे, पण वर्षाच्या पैशांचा शेवटचा हप्ता आम्ही तेव्हाच देतो, जेव्हा तो घरच्या डिस्कवरचा बॅकअप एखाद्या परक्या यंत्रावर चढवतो आणि आम्ही सांगू त्या माणसाचे, आम्ही सांगू त्या तारखेचे खाते उघडून दाखवतो. हिरवी खूण चालत नाही, खाते पाहिजे. आमच्या मते प्रत्येक कारखानदाराने ही एक अट घालावी. खर्च फार नाही. घासाघीस झाली तर दिवसाची मजुरी जादा द्यावी लागेल, ती द्यावी. पहिल्या खेपेला आमच्या इंजिनिअरला दोन दिवस लागले, दुसऱ्या खेपेला चार तास.

आणि उचलीसाठी प्रत्येक विणकराला छोटी वही दिली आहे. घेतले-दिले की दोन्हीकडे लिहायचे, त्याच्या वहीवर मुनीमजींची सही. काहींनी सुरुवातीला हसण्यावारी नेले. तो जुना विणकर मात्र दर गुरुवारी वही पुढे करतो, सही होईपर्यंत उभा राहतो. आम्ही त्याला बसायला सांगतो. तो म्हणतो, राहू द्या सेठ, एकच मिनिट.

यंदाची चाचणी शाबान महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, माग बंद असताना, आमच्या पेढीवर आहे. ज्या बांधवांना पाहायचे असेल त्यांनी जुम्म्याच्या नमाजनंतर यावे. आपली बॅकअपची डिस्क सोबत आणली तर तीही परक्या यंत्रावर लावून पाहू. चहा आमच्याकडून.